शेवटची बस गाठणारा भटक्या

ट्रेक ठरला की ग्रुपमध्ये पहिला प्रश्न, गाडी कुणाची? गाडी नाही जमली की ट्रेक कॅन्सल! मित्रांनो, अशा वेळी आल्फ्रेड वेनराइटला आठवा. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या २१४ डोंगरांवर त्याने गाईडबुकं लिहिली, पण मोटार चालवायला तो कधी शिकलाच नाही.

जन्म १९०७ चा, ब्लॅकबर्न या गिरण्यांच्या गावात. घरची गरिबी. १३ व्या वर्षी शाळा सुटली आणि तो नगरपालिकेच्या इंजिनिअरच्या कचेरीत ऑफिस बॉय म्हणून लागला. पुढे नोकरी करत परीक्षा देऊन तो हिशेबनीस झाला. १९३० साली, २३ व्या वर्षी, सुट्टीत बसने तो लेक डिस्ट्रिक्टला गेला. ऑरेस्ट हेड नावाच्या लहानशा टेकडीवरून समोर तळं आणि डोंगरांच्या रांगा दिसल्या. बस्स, वेड लागलं! १९४१ मध्ये कमी पगार पत्करून त्याने डोंगरांजवळच्या केंडल गावात नोकरी धरली.

९ नोव्हेंबर १९५२ ला त्याने गाईडबुकचं पहिलं पान काढलं. सुट्टीच्या दिवशी सकाळची बस धरायची, दिवसभर वाटा तुडवायच्या, नोंदी घ्यायच्या, आणि परतीची बस चुकायच्या आत खाली उतरायचं. इतर दिवशी ऑफिस सुटल्यावर घरी बसून नकाशे, चित्रं आणि मजकूर, सगळं हाताने. शंभरेक पानं झाल्यावर ओळींची उजवी कड सरळ येत नाही हे त्याला खटकलं. पठ्ठ्याने सगळी पानं बाद करून पुन्हा काढली! (आणि आपण सबमिशनची एक शीट रिपीट आली तरी रडतो.) पहिला भाग १९५५ ला निघाला, सातवा १९६६ ला.

याची किंमतही मोठी होती. संसाराकडे त्याचं लक्ष नव्हतंच. १९६७ मध्ये पहिली पत्नी घर सोडून गेली. एवढ्या वाटा शोधणाऱ्याला घरची वाट मात्र सापडली नाही. पुस्तकांच्या कमाईतला मोठा वाटा त्याने मुक्या प्राण्यांसाठी दिला. १९९१ साली तो गेला. त्याची रक्षा हेस्टॅक्स या त्याच्या लाडक्या डोंगरावरच्या तळ्याकाठी विखुरली.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी नसली तर स्टँडवर जा आणि एसटीचं टाइमटेबल बघा. परतीची शेवटची गाडी कितीला, हे मात्र आधी विचारून घ्या!