सरहद्दीवरील शांतिसैनिक

पेशावर शहराजवळ चारसद्दा नावाचा सुपीक मुलूख आहे. आज तो पाकिस्तानात असला, तरी १९४७ पूर्वी हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्द प्रांतात मोडत असे. तेथील उतमानझाई या गावी १८९० साली अब्दुल गफारखान यांचा जन्म झाला. त्यांचे वडील बेहरामखान हे सधन जमीनदार होते.

सरहद्दीवरील पठाण शूर, स्वाभिमानी व शब्दाला जागणारे. दारी आलेल्या शत्रूलाही आसरा देणे ते आपले कर्तव्य मानीत. परंतु त्यांच्यात सूडाची एक घातक रूढी होती. शेताच्या बांधावरून कलह उपजे, त्यात एखाद्याचा खून पडे, आणि मेलेल्याच्या मुलाने बदला घेतला नाही, तर त्याची गणना भ्याडांत होई. मूळ भांडण ज्यांनी पाहिलेही नाही, अशी नातवंडे एकमेकांच्या जिवावर उठत. खेड्यांत शाळा फार थोड्या होत्या. पुष्कळ मुलांच्या हाती पुस्तकाआधी बंदूक येई.

गफारखान पेशावरच्या मिशन शाळेत शिकले. सहा फुटांहून उंच असलेल्या या तरुणाला लष्करात मानाची जागा मिळत होती. परंतु एका गोऱ्या अधिकाऱ्याने एका पठाण अधिकाऱ्याचा सर्वांदेखत केलेला अपमान त्यांनी पाहिला आणि त्या नोकरीवर पाणी सोडले. त्यांचे रक्तही तापले होते. अशाच संतापाच्या भरात अनेक तरुण डोंगरात जाऊन बंदूक जवळ करीत. गफारखानांनी मात्र निराळा विचार केला. आपले बांधव दुबळे आहेत ते शस्त्रे नाहीत म्हणून नव्हे, तर अज्ञान व आपसांतील वैर यांमुळे, हे त्यांनी ओळखले. १९१० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी उतमानझाईस शाळा काढली. पुढे ते गावोगाव पायी हिंडले, लोकांच्या बैठकीत बसले, मुलांना व मुलींनाही शिकविण्याचा आग्रह धरू लागले. लोक त्यांना प्रेमाने बादशाहखान म्हणू लागले.

सरकारला हे रुचले नाही. १९१९ साली रौलट कायद्याविरुद्ध सभा भरविल्याबद्दल त्यांना अटक झाली. त्यांच्या पायांच्या मापाची बेडी तुरुंगात मिळेना. लहान बेडी बळेच अडकविल्यामुळे घोट्यांतून रक्त वाहू लागले. त्यांनी ते निमूटपणे सोसले. १९२१ साली शाळा व सुधारणेचे काम चालविल्याबद्दल त्यांना पुन्हा तीन वर्षांची शिक्षा झाली. तरीही त्यांच्या मनात सूड शिरला नाही.

१९२९ साली त्यांनी खुदाई खिदमतगार, म्हणजे ईश्वराचे सेवक, ही संघटना स्थापिली. तिच्यात येणाऱ्यास शपथ घ्यावी लागे. हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, छळणाऱ्यालाही क्षमा करीन आणि रोज निदान दोन तास लोकसेवेला देईन, असा तिचा आशय होता. हे सेवक लष्कराप्रमाणे कवायत करीत, नगाऱ्याच्या तालावर कूच करीत. पण त्यांच्या हाती शस्त्र नसे. ते गावे झाडीत, सूत कातीत, शाळांना मदत करीत. पांढरे कपडे लवकर मळत, म्हणून ते विटकरी रंगात रंगविण्यात आले. तरुणांना शौर्य हवे असते, मान हवा असतो, सोबती हवे असतात. बादशाहखानांनी यांतले काहीही नाकारले नाही. त्यांनी फक्त शौर्याचा अर्थ बदलला. धीराने सहन करणे हीच पैगंबरांची शिकवण आहे, असे ते आपल्या बांधवांना धर्माच्याच आधारे पटवून देत.

या शिकवणीची कसोटी लवकरच लागली. २३ एप्रिल १९३० रोजी बादशाहखानांना अटक झाली. त्याच दिवशी पेशावरच्या किस्साखानी बाजारात मोठा जमाव जमला. चिलखती मोटारी गर्दीत घुसल्या; त्यांतली एक जळाली. मग गोळीबार सुरू झाला व अनेक माणसे पडली. तरीही खुदाई खिदमतगार निःशस्त्र उभे राहिले. ते पाहून गढवाली पलटणीतील काही शिपायांनी चंद्रसिंह गढवाली यांच्या पुढाकाराने निःशस्त्रांवर गोळी झाडण्याचे नाकारले. त्याबद्दल त्यांनी कठोर शिक्षा भोगली. ज्या पठाणांच्या घरी बंदुकीची वाण नव्हती, त्यांनी ती उचलली नाही, हे पाहून सारे जग चकित झाले.

१९३४ साली तुरुंगातून सुटल्यावर त्यांना स्वतःच्या प्रांतात जाण्यास बंदी होती. तेव्हा ते वर्ध्यास महात्मा गांधींच्या सहवासात राहिले. सरहद्द गांधी हे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. देशाच्या फाळणीला त्यांचा विरोध होता. ती झाल्यावर पाकिस्तान सरकारनेही त्यांना वारंवार बंदिवासात ठेवले. तुरुंग बदलले, राज्यकर्ते बदलले; बादशाहखानांची शपथ बदलली नाही. १९८७ साली भारताने त्यांना भारतरत्न हा किताब अर्पण केला.

२० जानेवारी १९८८ रोजी पेशावर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेनुसार अफगाणिस्तानातील जलालाबाद येथे त्यांचे दफन करण्यात आले. त्या देशात तेव्हा युद्ध पेटले होते. तरी सरहद्द ओलांडून हजारो माणसे त्यांच्या मागून गेली. दुर्दैवाने त्या प्रसंगीही बाँबस्फोट होऊन काही जण प्राणास मुकले. द्वेष एकदा विझवला म्हणजे कायमचा विझतो असे नाही, हेच त्यावरून दिसते. विसाव्या वर्षी गफारखानांनी उतमानझाईस जी शाळा उघडली, तशी शाळा प्रत्येक पिढीला नव्याने उघडावी लागते.