माधवराव शिंदे आणि धुक्यातलं विमान

आमच्या उज्जैनहून विमान पकडायचं तर आधी इंदूर गाठावं लागतं. त्यामुळे विमान सुरक्षेवर लिहायला घेतल्यावर मला गावातलं काहीच आठवेना. 12 जून 2025 ला अहमदाबादला विमान कोसळलं, त्यानंतर आमच्या घरी रोज एकच चर्चा असायची : जबाबदार कोण? तेव्हा आजीने माधवरावांचं नाव काढलं. ती अजूनही त्यांना महाराजच म्हणते. माझा जन्म त्यांच्या मृत्यूनंतरचा, म्हणून माझ्यासाठी ते फक्त चौकातलं एक नाव होतं. मग मी वाचत गेले.

शिंदे हे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. राणोजी शिंद्यांनी माळव्यात बस्तान बसवलं ते उज्जैनला. महाकाळाचं आजचं मंदिर त्यांच्याच दिवाणांनी, रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभारलं. 1810 मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण उज्जैन शिंद्यांचंच राहिलं. आमची वेधशाळा 1923 मध्ये दुरुस्त केली तीही माधवरावांनीच, म्हणजे याच नावाच्या त्यांच्या आजोबांनी. हिंदीत सगळे सिंधिया म्हणतात. इथल्या मराठी घरांत मात्र शिंदे.

आपले माधवराव 10 मार्च 1945 ला मुंबईत जन्मले. वडील जिवाजीराव हे ग्वाल्हेरचे शेवटचे सत्ताधीश महाराज, आई विजयाराजे. सिंधिया स्कूल, मग इंग्लंडमध्ये विंचेस्टर आणि ऑक्सफर्ड असं शिक्षण झालं. सोळाव्या वर्षी वडील गेले. 1971 मध्ये, सव्वीस वर्षांचे असताना, ते जनसंघाच्या पाठिंब्यावर गुन्यातून लोकसभेवर निवडून आले. पुढे आई एका पक्षात आणि मुलगा दुसऱ्या, अशी घरातच फूट पडली. त्यावर लिहायचं तर वेगळा लेख लागेल. 1984 मध्ये ग्वाल्हेरला त्यांनी अटलबिहारी वाजपेयींना हरवलं आणि देशभर नाव झालं. त्यानंतर रेल्वे राज्यमंत्री. 1988 मध्ये सुरू झालेली शताब्दी एक्सप्रेस त्यांच्याच काळातली. काम करणारा मंत्री अशी त्यांची ओळख तिथे झाली.

जून 1991 मध्ये नरसिंह राव पंतप्रधान झाले आणि माधवरावांकडे नागरी उड्डाण खातं आलं. दिवस बरे नव्हते. फेब्रुवारी 1990 मध्ये बंगळूरला इंडियन एअरलाइन्सचं नवं एअरबस ए-320 पडून 92 माणसं गेली होती, आणि त्या जातीची सगळी विमानं काही महिने जमिनीवर ठेवावी लागली होती. माधवराव आल्यावर दोनच महिन्यांत, 16 ऑगस्ट 1991 ला, इंफाळला उतरू पाहणारं बोइंग डोंगरावर आदळलं. विमानातले सगळे, 69 जण, गेले. दुसरीकडे खासगी कंपन्यांना आकाश खुलं होत होतं. सरकारी मक्तेदारी मोडत असताना सरकारी कंपनीतले वैमानिक अस्वस्थ होते, आणि 1992 च्या अखेरीस ते संपावर गेले.

संपकाळात सेवा चालू ठेवायची म्हणून उझबेकिस्तानकडून तुपोलेव्ह जातीची विमानं त्यांच्या वैमानिकांसकट भाड्याने घेण्यात आली. परदेशी वैमानिक, अनोळखी विमानतळ, आणि जानेवारीतलं दिल्लीचं धुकं. हे सगळं एकत्र आलं की काय होऊ शकतं ते समजायला तज्ज्ञ असावं लागत नाही. 9 जानेवारी 1993 ला हैदराबादहून निघालेलं असं एक विमान दिल्लीला उतरताना आपटलं, उलटं झालं, पेटलं. आत दीडशेहून जास्त माणसं होती. सगळी जिवंत बाहेर आली. एकही मृत्यू नाही!

आणि या अपघातानंतर माधवरावांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला.

हे वाचलं तेव्हा मी भारावलेच. 1956 मध्ये अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला, ते शाळेत शिकलो आहोत. पण तिथे शंभराहून अधिक बळी गेले होते. इथे कोणीच दगावलं नव्हतं. मग एक प्रश्न टोचायला लागला : इंफाळच्या वेळी का नाही? मला वाटतं, डोंगरावर आदळलेल्या विमानात मंत्र्याचा थेट हात दाखवता येत नाही. संप न मिटवता भाड्याची विमानं आणणं हा मात्र वरच्या पातळीवरचा निर्णय होता. त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. आजीला हा हिशोब पटत नाही. तिच्या मते 69 माणसं ही 69 माणसंच.

राजीनाम्याने विमानं सुरक्षित झाली का? साडेतीन महिन्यांत, 26 एप्रिल 1993 ला, तेव्हाच्या औरंगाबादला इंडियन एअरलाइन्सचं बोइंग उडताना पुरेसं उचललंच गेलं नाही. धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता, त्याला ते धडकलं. 55 माणसं गेली. वैमानिकांची चूक होतीच, पण विमान उडायच्या वेळी तो रस्ता अडवणं हे अगदी साधं काम होतं. एक फाटक आणि एक माणूस पुरला असता. ते काम मंत्री बदलल्याने होत नाही. ते कोणाचं हे कागदावर ठरलेलं आणि रोज तपासलेलं असावं लागतं. 1996 मध्ये चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळून 349 जण गेले, तेव्हा चौकशी झाली आणि विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. सुरक्षा वाढली ती अशी, चौकशीतून.

माधवराव पुढे मनुष्यबळ विकास मंत्री झाले. 1996 मध्ये हवाला प्रकरणात नाव आल्यावर ते पद सोडलं, स्वतःचा पक्ष काढून निवडून आले, पुन्हा काँग्रेसमध्ये परतले. लोकसभेच्या नऊ निवडणुका लढवल्या, एकही हरले नाहीत. जानेवारी 2001 मध्ये आई गेली.

त्याच वर्षी 30 सप्टेंबरला कानपूरला सभा होती. माधवराव एका छोट्या खासगी विमानाने दिल्लीहून निघाले. सोबत पत्रकारही होते. हवा खराब होती. उत्तर प्रदेशात मैनपुरी जिल्ह्यातल्या भोगावजवळ विमान शेतात कोसळलं आणि आतले आठही जण गेले.

प्रवासी विमानांचे नियम कडक होत गेले, पण पुढाऱ्यांच्या छोट्या विमानांना सभेची वेळ गाठायची घाई कायम राहिली. पुढच्याच वर्षी लोकसभेचे सभापती बालयोगी हेलिकॉप्टर अपघातात गेले, 2009 मध्ये खराब हवेत आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी. हवा बिघडली असताना, मागे बसलेल्या मोठ्या माणसाला नाही म्हणणं वैमानिकाला किती जड जात असेल!

माधवरावांवर ग्वाल्हेरला अंत्यसंस्कार झाले. मुलगा ज्योतिरादित्य तेव्हा तीस वर्षांचा होता. जुलै 2021 मध्ये त्याने नागरी उड्डाण खात्याची सूत्रं घेतली. वडिलांना जाऊन तेव्हा वीस वर्षं होत आली होती.