सेकंड क्लासवाला बॅरन

सबमिशन संपलं की आपल्या हॉस्टेलची पब्लिक कुठे जाते, हे सांगायला नको. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याच्या समुद्राकडच्या रस्त्याने निघायचं, आरे-वारेच्या चढावर गाड्या लावायच्या आणि खाली पसरलेले दोन किनारे बघत बसायचं. माझ्यासाठी मात्र तो रस्ता घरचा आहे. काकांची हापूसची कलमं तिथेच, आरे गावाच्या वरच्या कातळावर आहेत. म्हणूनच एका फ्रेंच वाइनवाल्याची गोष्ट सांगताना सुरुवात आंब्यापासून करते. (रेक्टर सरांनी काळजी करू नये. या लेखातला एक थेंबही मी चाखलेला नाही. आणि मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

मागच्या मे महिन्यात मी पुण्याला मावशीकडे होते. तिने हौसेने आंब्याची पेटी घेतली होती. वर मोठ्या अक्षरांत रत्नागिरी हापूस. आंबे काढल्यावर तळाला अंथरलेला पेपर निघाला, तो कानडी! मावशी हसली, मला हसू आलं नाही. कारण काकांचा खरा आरे-वारेचा माल दलालाकडे जातो आणि तिथून कुणाच्या तरी नावाच्या पेटीत बसून पुढे जातो. खाणाऱ्याला काकांचं नाव कळत नाही आणि काकांना खाणारा कोण ते कळत नाही.

घरी आल्यावर मी काकांना म्हटलं, पेटीवर आपल्या बागेचं नाव छापूया. काका गप्प. मग त्यांनी साक्याची आठवण करून दिली. बाहेरून सोन्यासारखा दिसणारा हापूस कापला की आत पांढरट, स्पंजासारखा निघतो, तो साका. वरून ओळखू येत नाही. नाव छापलं की साकासुद्धा आपल्या नावावर. माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर लायब्ररीत भलतंच काही शोधताना फिलीप द रॉथ्सचाइल्ड भेटला.

फिलीपचा जन्म पॅरिसचा, 13 एप्रिल 1902. रॉथ्सचाइल्ड म्हणजे युरोपातलं बँकवाल्यांचं गडगंज ज्यू घराणं. त्याचे पणजोबा नॅथॅनिएल यांनी 1853 मध्ये बोर्दो शहराच्या उत्तरेला पोयाक गावाजवळ एक द्राक्षमळा विकत घेतला. नाव शातो मूटाँ. शातो म्हणजे वाडा, आणि मूटाँ म्हणजे मेंढी. आपला मटन हा शब्द इंग्रजीमार्गे तिथूनच आलाय! जमीन सगळी गोटे-वाळूची, एका बाजूला जिरोंद खाडी, पलीकडे अटलांटिक समुद्र. जिथे दुसरं पीक नीट येणार नाही, तिथे द्राक्ष चांगलं येतं. कातळावरच्या हापूसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

दोनच वर्षांनी, 1855 मध्ये, पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं. सम्राट तिसऱ्या नेपोलियनसाठी बोर्दोच्या दलालांनी तिथल्या नामांकित मळ्यांची यादी केली. निकष मुख्यतः एकच, बाजारात मिळणारा भाव. रेड वाइनच्या मळ्यांचे पाच वर्ग पाडले. फर्स्ट क्लासमध्ये चारच : लाफीत, लातूर (आपलं नव्हे), मार्गो आणि ओ-ब्रियों. मूटाँ आलं सेकंड क्लासमध्ये. आपला निकाल निदान पुढच्या सेमिस्टरला सुधारता येतो. ही यादी मात्र दगडावरची रेघ ठरली.

नंतरच्या दोन पिढ्यांनी मळ्याकडे फारसं बघितलं नाही. फिलीपचे वडील हेन्री हे डॉक्टर आणि नाटककार. पहिल्या महायुद्धात पॅरिसवर तोफगोळे पडायला लागले तेव्हा पोराला मळ्यावर पाठवलं, आणि पोरगं तिथे रमलं. 1922 मध्ये वडिलांनी मळ्याचा कारभार त्याच्या हातात दिला. तेव्हा तो 20 वर्षांचा होता. म्हणजे आपल्या टी.ई.च्या वयाचा!

त्याने बघितलं तर काय? मळेवाला द्राक्षं पिकवणार, वाइन करणार आणि पिंपं भरून बोर्दोच्या व्यापाऱ्याला देऊन टाकणार. ती मुरवायची, बाटलीत भरायची, लेबल लावायचं, हे सगळं व्यापाऱ्याच्या गोदामात. तिथे त्यात दुसरं काही मिसळलं तर मालकाला पत्ताही नाही. थोडक्यात, काकांची आणि पेटीची गोष्टच.

फिलीपने 1924 मध्ये ठरवलं की मूटाँची सगळी वाइन मूटाँमध्येच बाटलीत भरायची. मोठ्या मळ्यांनाही त्याने हे पटवायला घेतलं. वाचताना सोपं वाटतं, पण यातलं इंजिनिअरिंग बघा. पूर्वी वाइन काही महिन्यांत व्यापाऱ्याकडे जायची. आता 225 लिटरची ओकची पिंपं दीड वर्षाहून जास्त काळ स्वतःकडे ठेवायची. जागा कुठे? म्हणून 1926 मध्ये शार्ल सिक्लीस या आर्किटेक्टकडून त्याने 100 मीटर लांबीची कोठी बांधून घेतली. म्हणजे पैसा अडकला, जागा अडकली, आणि माल बिघडला तर बोट दाखवायला व्यापारीही उरला नाही.

याची परीक्षा लगेच झाली. 1930 चं पीक खराब आलं. ती वाइन मूटाँ म्हणून विकायची त्याची तयारी नव्हती. फेकूनही देता येत नव्हती. म्हणून त्याने वेगळं, स्वस्त नाव काढलं, मूटाँ कादे. कादे म्हणजे धाकटा मुलगा, कारण फिलीप स्वतः धाकटा. एनसीसीतला कॅडेट तो हाच शब्द. पुढे ही धाकटी वाइन जगभर खपली. मला मात्र यात धंद्यापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. बाटलीवर नाव छापणाऱ्याने ते कुठे छापायचं नाही, हेसुद्धा ठरवलं.

तो काही संत नव्हता. पॅरिसच्या नाटक-सिनेमात रमायचा, सुसाट गाड्या चालवायचा. 1929 मध्ये पहिल्या मोनॅको ग्रांप्रीत बुगाटी घेऊन तो चौथा आला, आणि त्याच वर्षी ल मानच्या 24 तासांच्या शर्यतीत पाचवा. दोन्हीकडे जॉर्ज फिलीप या खोट्या नावाने! वाइनवर खरं नाव हवं म्हणून भांडणारा माणूस रेसिंगला नाव लपवायचा. याची मला गंमत वाटते.

मग दुसरं महायुद्ध आलं. 1940 मध्ये फ्रान्स पडलं. जर्मनांच्या तंत्राने चालणाऱ्या विशी सरकारने ज्यू म्हणून त्याचं नागरिकत्व काढून घेतलं, त्याला तुरुंगात टाकलं, मळा जप्त केला. सुटल्यावर तो पिरेनीज पर्वत पायी ओलांडून स्पेनमध्ये उतरला, तिथून इंग्लंडला पोचला आणि द गॉलच्या स्वतंत्र फ्रेंच सैन्यात दाखल झाला. त्याची पत्नी एलिझाबेथ जन्माने कॅथलिक. तेव्हा दोघं वेगळे राहत होते. तरी गेस्टापोने तिला पकडलं. 1945 मध्ये राव्हेन्सब्र्यूकच्या छळछावणीत ती गेली. मागे राहिली लहान मुलगी, फिलिपिन. जे नाव बाटलीवर मिरवलं, त्याच नावाची किंमत त्या घराने अशी मोजली.

फिलीप परत आला आणि मळा पुन्हा उभा करायला लागला. 1945 च्या वाइनच्या लेबलवर त्याने फिलीप जुलियाँ या तरुण चित्रकाराकडून विजयाचा व्ही काढून घेतला. तेव्हापासून जवळजवळ दरवर्षी नवा चित्रकार, असा रिवाज पडला. दाली, मिरो, शागाल, वॉरहॉल सगळे आले. मानधन पैशात नाही, वाइनच्या पेट्यांमध्ये! आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं चित्र 2009 च्या बाटलीवर आहे.

पण 1855 चा सेकंड क्लास काही त्याच्या मनातून जाईना. त्याने वर्षानुवर्षं अर्ज, भेटीगाठी, भांडणं केली. अखेर जून 1973 मध्ये मूटाँ फर्स्ट क्लासमध्ये आलं. त्या हुकुमावर सही होती तेव्हाचे कृषिमंत्री जाक शिराक यांची, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. 118 वर्षांनी निकाल बदलला! त्या यादीत खालच्या वर्गातून वर गेलेला हा एकटाच मळा. वशिला होता का? पैसा आणि ओळखी होत्याच, नाकारण्यात अर्थ नाही. पण बाजारात मूटाँचा भाव पहिल्या वर्गाच्या बरोबरीचा त्याआधीच झाला होता. ते अर्जांनी झालं नव्हतं. त्यामागे 50 वर्षांची कोठी आणि बाटली होती.

पुढे मजा बघा. 1976 मध्ये पॅरिसला लेबल झाकून चव घ्यायची परीक्षा झाली. लाल वाइनमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची, आणि 1970 चं मूटाँ दुसरं! परत सेकंड. फिलीपने काय केलं? कॅलिफोर्नियाच्याच रॉबर्ट मोंडावीशी भागीदारी केली. त्यांच्या ओपस वन या वाइनचं पहिलं पीक 1979 चं.

20 जानेवारी 1988 ला फिलीप गेला. मळा मुलीने, फिलिपिनने सांभाळला. ती 2014 मध्ये वारली. घराण्याकडे तो अजून आहे.

आता परत आरे-वारेला येऊ. कोकणातल्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही चांगलीच गोष्ट. पण त्याने प्रदेश कळतो, बाग कळत नाही. तेवढी एक पायरी ज्याची त्याने चढायची असते. काकांकडे रॉथ्सचाइल्डचा पैसा नाही, 100 मीटरची कोठी तर नाहीच. मी त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांना लक्षात राहिलं ते एकच, 1930 चं खराब पीक. नाव छापायचं असेल तर आधी आंबा बाजूला काढायला शिकलं पाहिजे, असं त्यांचं मत पडलं.

या हंगामात त्यांनी 50 पेट्यांवर बागेचं नाव आणि स्वतःचा फोन नंबर छापला. बाकी माल नेहमीसारखाच दलालाकडे गेला. तीन फोन साक्याचे आले. काकांनी तिन्ही पेट्या बदलून दिल्या, म्हणजे त्यात नफा गेलाच. काकू कुरकुरली. पण चौथा फोन आला तो पुढच्या वर्षीच्या दोन पेट्या आत्ताच लिहून घ्या, असं सांगणारा.