आचार्य धर्मानंद कोसंबी : विद्येची ओढ आणि संसाराचा भार

निघोजे-चाकण परिसरात कारखान्यांच्या सावलीत शिकणाऱ्या मुलांचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात : आवडीच्या विषयाने पोट भरेल काय? आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देते.

त्यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. घरची नारळाची बागायत सांभाळीत असताना ‘बालबोधमेवा’ मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि तथागतांचा धम्म मुळातून जाणण्याचा ध्यास लागला. 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पत्नी बाळाबाई व तान्ही कन्या गोव्यातच राहिल्या. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे 1902 मध्ये सिंहलद्वीपात प्रव्रज्या घेऊन ते पाली शिकले.

1906 मध्ये परतल्यावर कलकत्त्यात त्यांना पाली शिकविण्याचे काम मिळाले. विद्यापीठात मासिक 250 रुपयांची सोय होत होती. परंतु हे ज्ञान महाराष्ट्राला मिळावे, अशी त्यांची तळमळ होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्याच्या अटीवर मासिक 50 रुपये देऊ केले. कोसंबींनी 250 सोडून 50 स्वीकारले. पुढे डॉ. रा. गो. भांडारकरांच्या प्रयत्नाने मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले आणि 1912 ते 1918 या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनासाठी अनेक वर्षे वेचली. ती आवृत्ती 1950 मध्ये प्रसिद्ध झाली. तत्पूर्वीच, 4 जून 1947 रोजी, सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले होते.

ओढ होती म्हणून ते विद्वान झाले. चूल मात्र महाराजांच्या वेतनाने, विद्यापीठाने निर्माण केलेल्या जागेने आणि बाळाबाईंच्या सोसण्याने पेटती राहिली. केवळ आवडीने उपजीविका होत नाही. त्या कामात प्रावीण्य लागते, त्याची कदर करणारी संस्था लागते आणि कमी मिळकतीचा भार घरातील कोणावर पडतो याचे भान लागते. सम्यक आजीविकेचा विचार करताना आपल्या मुलामुलींना हे तिन्ही सांगावे, आणि ज्यांच्यात खरी ओढ दिसेल, त्यांच्यासाठी समाजाने ते 50 रुपये उभे करावेत.