गंजाशी झुंजणारा शास्त्रज्ञ : सर हम्फ्री डेव्ही

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण हिशेबाच्या तासाला 'घसारा' शिकताना माझ्या मनात एक शंका आली. यंत्राची किंमत दरवर्षी वहीत कमी होते खरी, पण धातू तर प्रत्यक्षातही झिजतो. हवा आणि पाणी त्याला खात असतात. मराठीत आपण त्याला गंज म्हणतो, कन्नडमध्ये तुक्कु. हा घसारा मुळातच थांबवता येणार नाही काय? या प्रश्नाचा मागोवा घेताना सर हम्फ्री डेव्ही यांची भेट झाली.

डेव्ही यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतातील पेन्झन्स या गावी झाला. वडील लाकडावर कोरीव काम करीत. १७९४ साली ते वारले आणि कुटुंबावर कर्जाचा बोजा राहिला. पुढच्याच वर्षी थोरल्या हम्फ्रीला गावातल्या एका वैद्याच्या हाताखाली उमेदवारीला राहावे लागले. तेथेच त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली. १८०१ साली ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले. त्यांची व्याख्याने ऐकायला तेथे गर्दी लोटू लागली.

व्होल्टा यांची विद्युत्घटमाला तेव्हा नवीनच होती. तिच्या साहाय्याने डेव्ही यांनी १८०७ मध्ये पोटॅशियम व सोडियम हे धातू प्रथमच वेगळे केले. १८१५ मध्ये त्यांनी खाणकामगारांसाठी सुरक्षादीप तयार केला व त्याचे पेटंट घेण्याचे नाकारले. १८२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. एवढे यश बहुतेकांना ठाऊक असते. मला मात्र त्यांच्या आयुष्यातील एक अपयश अधिक मोलाचे वाटते.

त्या काळी ब्रिटिश नौदलाची जहाजे लाकडाची असत. समुद्रातले किडे लाकूड पोखरू नयेत म्हणून जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकीत. पण खाऱ्या पाण्यात हे पत्रे झिजत आणि ते पुन:पुन्हा बदलण्यात फार पैसा जाई. १८२३ साली नौदलाने यावर उपाय विचारला. तांबे भेसळीचे असते म्हणून झिजते, असा पुष्कळांचा समज होता. डेव्ही यांनी निराळा विचार केला. दोन धातू एकमेकांना टेकवून खाऱ्या पाण्यात ठेवले, तर त्यांच्यात विजेचा व्यवहार सुरू होतो. त्यात अधिक क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. मग तांब्याला जस्त किंवा लोखंड जोडले तर?

त्यांनी प्रयोग करून पाहिले. वाटाण्याएवढ्या जस्ताच्या तुकड्याने चाळीस-पन्नास चौरस इंच तांबे सुरक्षित राहिले! पुढे पोर्ट्समथ बंदरात तांब्याचे पत्रे कित्येक आठवडे पाण्यात ठेवून पाहिले. तपासण्याची रीत साधी होती : आधी वजन करायचे, नंतर वजन करायचे आणि घट काढायची. जोडलेल्या धातूचे क्षेत्रफळ तांब्याच्या १/४० ते १/११० असले, तर घट शून्य. १/२०० च्या खाली गेले की तांबे थोडे थोडे झिजू लागे. बीड स्वस्त, म्हणून जहाजांसाठी बीड पसंत केले. १८२४ साली आपल्याकडे कोचीनला बांधलेल्या 'समारंग' या जहाजाला १/८० प्रमाणात बीड लावले. ते नोव्हा स्कोशियाची सफर करून १८२५ च्या जानेवारीत परतले. तांबे उत्तम राहिले होते. डेव्ही यांचा आनंद गगनात मावेना.

पण हा आनंद टिकला नाही. बीड लावलेली इतर जहाजे परतू लागली, तेव्हा त्यांच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यासारखे जीव दाट चिकटलेले दिसले. कारण असे की तांबे हळूहळू विरघळते, तेव्हा त्याचे विष या जीवांना दूर ठेवते. तांबे विरघळायचे थांबले आणि हे विषही थांबले! तळ खरबरीत झाल्याने जहाजांचा वेग मंदावला. बंदरातल्या काही पत्र्यांवर शेवाळ धरल्याचे डेव्ही यांनी पाहिले होते, पण बिडाचे प्रमाण कमी केले की भागेल असे त्यांना वाटले. १८२५ सालीच नौदलाने सफरीवरच्या जहाजांसाठी हा उपाय बंद केला. डेव्ही यांच्यावर टीकेची झोड उठली आणि ते खचले. १८२६ च्या अखेरीस त्यांना पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मग डेव्ही चुकले काय? शास्त्र चुकले नव्हते, हिशेब अपुरा राहिला होता. तांब्याची बचत जमेला धरली, पण मंदावलेल्या वेगाचे नुकसान खर्चाला मांडायचे राहिले. पुढे लाकडी जहाजे गेली, लोखंडाची आली आणि हेच तत्त्व कामाला आले. पोलादी जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावू लागले. ते स्वतः झिजतात आणि पोलाद राखतात. १९२८ साली अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स येथे रॉबर्ट कून यांनी जमिनीखालच्या वायुवाहिनीला बाहेरून वीज देऊन गंज रोखला. अशी वाहिनी सुरक्षित आहे की नाही हे पाहण्यासाठी ती उकरून काढावी लागत नाही. तांबे व मोरचुदाच्या प्रमाणित विद्युद्‌ग्राशी तुलना करून तिचा विद्युत्‌दाब मोजतात. तो उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक उणे असला की काळजी नाही. घरातल्या पाणी तापवण्याच्या टाकीतही मॅग्नेशियमची कांडी असते. तीही टाकीसाठी स्वतःला झिजवते.

विज्ञान शाखेच्या मित्रांनी यातून रसायनशास्त्र घ्यावे. आम्ही वाणिज्यवाल्यांनी एवढे घ्यावे, की खर्चाची एक बाजू वाचवताना दुसरी बाजू तपासल्याशिवाय ताळेबंद मिटवू नये. आणि दोघांनीही हे ध्यानात ठेवावे, की ज्या कल्पनेपायी डेव्ही यांची हेटाळणी झाली, तीच आज जगभरची जहाजे आणि वाहिन्या राखते आहे.