पाण्यातलं फ्लोराईड ज्या चमकेने पकडतात, त्या चमकेला नाव देणारा जॉर्ज स्टोक्स

चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. दात घासत नाहीत म्हणून नाही, तर बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे म्हणून. वर्षानुवर्षं तेच पाणी पीत राहिलं की हाडं आणि सांधेही धरतात.

गंमत म्हणजे हे पाणी दिसायला एकदम स्वच्छ असतं. उकळलं तरी फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. भारतीय मानकांनुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराईड चालतं, पाण्याची दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत.

मग ते ओळखायचं कसं? यासाठी जगभरातले शास्त्रज्ञ असे रेणू बनवतायत, जे फ्लोराईड भेटलं की चमकायला लागतात किंवा चमकायचे थांबतात. यांना म्हणतात फ्लुओरेसंट सेन्सर.

आणि या चमकेला नाव देणारा माणूस इंजिनिअरिंगच्या पोरांना चांगलाच माहितीय. मॅथ्सच्या पेपरात छळणाऱ्या स्टोक्स थिअरमवाले जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स.

स्टोक्स यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ चा, आयर्लंडमधल्या स्क्रीन नावाच्या गावातला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. गणितात पोरगं हुशार निघालं, केंब्रिजला गेलं आणि १८४१ साली गणिताच्या परीक्षेत पहिलं आलं. १८४९ साली, वयाच्या तिशीत, ते न्यूटन ज्या खुर्चीवर बसले होते त्या ल्युकेशियन प्रोफेसरपदावर पोहोचले. पद मोठं होतं पण पगार कमी, त्यामुळे लंडनला जाऊन जादा शिकवायचं कामही त्यांनी केलं.

आता येऊ मुद्द्यावर.

त्या काळात मलेरियावर क्विनाईन द्यायचे, म्हणजे आपलं कोयनेल. त्याचं द्रावण पाण्यासारखं नितळ असतं, पण उन्हात धरलं की कडेला निळसर चमकतं. हे आधीच्या शास्त्रज्ञांनीही पाहिलं होतं, पण असं का होतं ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

स्टोक्स यांनी अंधाऱ्या खोलीत फटीतून ऊन घेतलं, लोलकातून त्याचे सात रंग पाडले आणि क्विनाईनची नळी एकेका रंगातून सरकवत नेली. तांबडा, पिवळा, हिरवा, काहीच झालं नाही. नळी जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला फक्त अंधार दिसतो तिथे नेली आणि ती निळी उजळली!

म्हणजे द्रावण न दिसणारे अतिनील किरण गिळत होतं आणि दिसणारा निळा प्रकाश बाहेर टाकत होतं. १८५२ साली त्यांनी हे जगापुढे मांडलं. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या प्रकाशातल्या या फरकाला आज स्टोक्स शिफ्ट म्हणतात. नोट खरी की खोटी हे अतिनील दिव्याखाली बघतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

या चमकेचं नाव त्यांनी एका दगडावरून ठेवलं. फ्लोरस्पार, म्हणजे कॅल्शियम फ्लोराईड. फ्लोरस्पारवरून फ्लुओरेसन्स. फ्लोरिन हे नावही त्याच दगडाचं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला या दगडाचा साठा आहे. पण दगडातली चमक फ्लोराईडची नसते, त्यात मिसळलेल्या इतर मूलद्रव्यांची असते. म्हणजे तेव्हा नातं फक्त नावापुरतं होतं.

स्टोक्स तिथेच थांबले नाहीत. १८६४ साली त्यांनी रक्तातलं रंगद्रव्य ऑक्सिजन घेतं आणि सोडतं तेव्हा प्रकाशात काय बदल होतो ते दाखवलं. प्रकाश बघून पदार्थ ओळखता येतो, हे ते रसायनशास्त्रज्ञांना सांगत होते. आजचे सेन्सर याच वाटेवरचे.

उदाहरणार्थ, एका प्रकारात रंगाच्या रेणूला सिलिकॉनचं कुलूप लावलेलं असतं. फ्लोराईडला सिलिकॉनची भारी ओढ. ते आलं की कुलूप तुटतं, रेणू सुटतो आणि चमकतो. अडचण अशी की पाण्यात फ्लोराईडला पाण्याचे रेणू घट्ट वेढून बसतात, म्हणून बरेच सेन्सर पाण्यापेक्षा इतर द्रावकांत चांगले चालतात. संशोधन अडलंय ते इथेच.

पुढे स्टोक्स यांचा बराच वेळ दुसऱ्यांसाठी गेला. १८५४ पासून तब्बल ३१ वर्षं ते रॉयल सोसायटीचे सचिव होते, इतरांचे शोधनिबंध वाचायचे, सुधारायचे. नंतर ते अध्यक्ष झाले, खासदारही झाले. १ फेब्रुवारी १९०३ ला केंब्रिजमध्ये ते गेले.

फ्लोराईड काढायचं म्हणाल तर त्यात नागपूरचं नाव मोठं आहे. इथल्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराईड कमी करणारी नालगोंडा पद्धत शोधली. पण औषध द्यायच्या आधी आजार कळावा लागतो. तुमच्या गावात पोरांच्या दातांवर असे डाग दिसत असतील, तर बोअरचं पाणी एकदा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या.