नावावर अडून बसलेला संन्यासी

आमच्या नांदेड-लातूरकडची जुनी माणसे वर्षे सनावर मोजत नसत. ‘ॲक्शनच्या आधी’ आणि ‘ॲक्शननंतर’ अशी मोजत. ती ॲक्शन म्हणजे सप्टेंबर 1948 ची ‘पोलीस ॲक्शन’. हा शब्द ऐकला की मला स्वामी रामानंद तीर्थ आठवतात.

व्यंकटेश भगवानराव खेडगीकर यांचा जन्म 1903 चा. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी शिकवले, 1932 मध्ये संन्यास घेतला आणि पुढे आंबेजोगाईला योगेश्वरी विद्यालय सांभाळले. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिला जातीय ठरवून बंदी घातली. नाव बदला, असाही आग्रह झाला. स्वामीजींनी तुरुंग पत्करला. नाव सोडले नाही. बंदी उठली ती थेट 1946 मध्ये.

या माणसाचा लढा ज्या कारवाईने तडीस गेला, तिला मात्र खरे नाव मिळाले नाही. 13 सप्टेंबरला संस्थानात शिरले ते लष्कर. सोबत रणगाडे होते, विमाने होती. पण हैदराबादने प्रश्न राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढे नेला होता. युद्ध म्हटले की दोन देश आले. पोलिसी कारवाई म्हटले की घरचा मामला. वर्तमानपत्रांनी सरकारी शब्द उचलला आणि तो रूढ झाला. 17 तारखेला निजाम नमला, स्वामीजी तुरुंगातून सुटले.

बँकेत आम्ही बुडीत कर्जाला ‘अनुत्पादक मालमत्ता’ म्हणत असू. नाव सौम्य झाले म्हणून पैसे परत येत नसत. इथे तर हिशेब माणसांचा होता. रझाकारांनी गावे जाळली होती; ॲक्शननंतर सूड निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत नांदेड होते आणि उस्मानाबादही. लातूर तेव्हा त्यातच होते. तो अहवाल कित्येक दशके जनतेसमोर आला नाही.

स्वामीजी 1972 मध्ये गेले. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. दर 17 सप्टेंबरला आपण ध्वजवंदन करतो, ते योग्यच आहे. मुक्ती खरी होती. पण त्या गुळगुळीत शब्दाने लढणाऱ्यांचे मोल कमी केले आणि मेलेल्यांची मोजदाद टाळली. घरातल्या मुलांना ही गोष्ट सांगताना दोन्ही सांगावे.